विटांवरचा ट्रक

लष्कराच्या एका जुन्या डेपोत पूर्वी दोन ट्रक शेजारी उभे असत. सात नंबर चालता होता. नऊ नंबर बाद होऊन विटांवर चढवलेला. सातचं काही बिघडलं की हवालदार म्हसकर नऊमधला चांगला पार्ट काढून त्याला बसवायचे, आणि नटबोल्ट हरवू नयेत म्हणून सातचा खराब पार्ट नऊच्या रिकाम्या जागी अडकवून ठेवायचे.

“भंगारा, अजून काय उरलंय रे तुझ्यात?” सात दरवेळी हसायचा.

“तुला लागेल ते,” नऊ शांतपणे म्हणायचा.

कार्ब्युरेटर बदलला, पंप बदलला, पिस्टन बदलले. एका धुकट सकाळी इंजिनाचा उरलेला ब्लॉकही बदलून झाला. म्हसकरांनी बॉनेट थोपटलं. “चल रे, सात नंबर!” इंजिन एका दमात सुरू झालं.

सातला मात्र काहीच हललेलं जाणवलं नाही. त्याने खाली पाहिलं. त्याला चाकं नव्हती. तो विटांवर उभा होता. आणि समोरून सात नंबरचा ट्रक फाटकाकडे निघाला होता.

तो जिवाच्या आकांताने ओरडला.

“नऊचा पत्रा वाजतोय वाऱ्याने,” म्हसकर ड्रायव्हरला म्हणाले.

धुकं मात्र जागचं हललंही नव्हतं.