पैलतीरावरची माणसं

राज्यांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट.

एका मोठ्या नदीकाठी एक राज्य होतं. नदीपलीकडे डोंगरी आणि मैदानी अशा दोन राज्यांत लढाई पेटली होती. तिच्या बातम्या घाटावरच्या नावाड्यांना सांगायची एक तरुण दवंडीवाली. डोंगरी राजा या काठच्या राजाला घोडे पुरवत असे. म्हणून प्रधानाने तिला बजावलं होतं, की डोंगरातला माणूस मेला तर त्याची रडणारी आई सांग. मैदानातला मेला तर ‘एक लांडगा कमी झाला’ एवढंच पुरे. ती तसंच सांगे. लोक एकासाठी डोळे पुसत, दुसऱ्यासाठी थुंकत.

एके दिवशी पैलतीरावर धूर दिसला. मैदानातली माणसं वाळूत उभी राहून हाका मारू लागली. एकही होडी हलली नाही.

दवंडीवाली प्रधानाकडे धावली. तो म्हणाला, दरोडेखोर आलेत अशी दवंडी दे.

“कडेवर तान्हं घेऊन कोणता दरोडेखोर येतो, प्रधानजी?”

“हलगी राजाची आहे, एवढं लक्षात ठेव.”

तिने हलगी त्याच्यासमोर ठेवली आणि ती घाटावर आली. आपण काय काय लपवलं, ते तिने नावाड्यांना सांगितलं.

म्हातारा नावाडी हसला. “कालपर्यंत लांडगे होते ना, पोरी? आज लगेच गाई झाले?”

“मी निम्मंच सांगत होते, आजोबा. उरलेलं तिकडे उभं आहे. तुम्ही येऊ नका, फक्त होडी द्या.”

ती एकटीच वल्हवत गेली. परतली तेव्हा होडीत एक बाळंतीण होती. काठाला लागताच बाळ छातीशी घट्ट धरून तिने म्हाताऱ्याला विचारलं, “बाबा, तुम्ही आम्हाला मारणार नाही ना? आमच्याकडची दवंडी तुमच्याबद्दल तसंच सांगते.”

म्हाताऱ्याने वल्हं उचललं. मग सगळ्याच होड्या सुटल्या. पण तोवर डोंगरी घोडेस्वार वाळूवर पोचले होते. निम्मी माणसं आली. निम्मी कधीच आली नाहीत.

संध्याकाळी दवंडीवाली घाटावर उभी राहिली. आग कुणी लावली, होड्या उशिरा का निघाल्या, काहीही न गाळता तिने सांगितलं. प्रधानाचे शिपाई तिला धरायला आले, तेव्हा नावाडी तिच्याभोवती उभे राहिले. तिने आवाज खाली आणला नाही.

बोध: ज्यांचं दुःख आपल्याला ऐकू दिलं जात नाही, त्यांच्या मदतीला आपण वेळेवर पोचत नाही, म्हणून बातमी नेहमी दोन्ही तीरांची मागावी.