मांडीवरची ट्रंक

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सुगंधा तान्ह्या पोराला घेऊन विष्णूतात्यांच्या शिडाच्या होडीत बसली. खाडीपलीकडच्या दवाखान्यात लस दहापर्यंतच मिळायची, म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. एवढ्यात माजी सभापती दादासाहेब खोत लोखंडी ट्रंक घेऊन धक्क्यावर आले. होडी इवलीशी, दोन उतारूंत भरायची.

तात्या म्हणाले, "दादासाहेब, तुम्ही बसा, पण ट्रंक नको. होडी बुडेल."

"ट्रंक फुलासारखी आहे रे! जड होत असेल तर हिला उतरव. पोर धरून दोघं आहेत ती."

"मांडीवरचं पोर आम्ही मोजत नाही."

सुगंधा म्हणाली, "मग सोपं आहे की, दादासाहेब! माझं फूल माझ्या मांडीवर, तुमचं तुमच्या."

धक्क्यावरचे लोक हसले. दादासाहेब इरेला पेटले. तिथेच पायरीवर बसून त्यांनी ट्रंक मांडीवर घेतली आणि लगेच ओरडले, "अरे उचला, मेलो! मांड्या मोडल्या!"

सुगंधाने विचारलं, "तुमच्या मांड्यांना जड, मग होडीला हलकी कशी हो?"

ट्रंक धक्क्यावर राहिली, दादासाहेब मांड्या चोळत होडीत बसले आणि पोराला लस वेळेत मिळाली. तुमच्या धक्क्यावरही कुणी ट्रंकेला फूल म्हणालं, तर त्याला ती आधी स्वतःच्या मांडीवर घ्यायला जरूर सांगा.