चादरीआडचा इग्वाना

"मग जाळी आणखी किती बारीक घ्यायला हवी होती?" नवाथ्यांनी विचारलं.

याकूबबाबा जाळीकडे बघत होते. फकिरी घेण्याआधी त्यांनी तीस वर्षं चाळण्या आणि कोंबड्यांची खुराडी विणली होती. म्हणून कुणीतरी नवाथ्यांना गावाबाहेरच्या या तकियात, म्हणजे फकिराच्या मठीत, पाठवलं होतं.

पिंजरा टेम्पोतून उतरवून कडुनिंबासमोर ठेवला होता. चारही बाजूंनी स्टीलची जाळी, कोपरे घासून गुळगुळीत केलेले. नवाथे इंजिनिअर. आराखड्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत काम त्यांचं स्वतःचं. दिवाणखान्यात कुठेही बसलं तरी आतलं दिसावं, अशी त्याची रचना होती.

आत त्यांचा पाळलेला इग्वाना होता. सरड्यासारखा, हिरवा, हातभर लांब. त्याचं नाक सोलून लाल झालं होतं. नऊ दिवस पोटात काही नव्हतं. जाळीवर नाक घासणं थांबलं नाही तर तो जगणार नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

नवाथ्यांनी तीनदा जाळी बदलली होती. दर वेळी आधीपेक्षा बारीक, आधीपेक्षा गुळगुळीत.

"अशी जाळी बाजारात मिळणार नाही, बाबा."

"नाही मिळणार. पण त्याला ती दिसतच नाही."

"मग काय दिसतं त्याला?"

"कडुनिंब."

इग्वाना झाडाकडे तोंड करून जाळीवर नाक घासत होता.

बाबांनी खांद्यावरची चादर काढली. पिंजऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला ती चहूबाजूंनी गुंडाळली आणि जागेवर येऊन बसले.

"अहो, हवा..."

"वरून येते."

घासण्याचा आवाज आणखी थोडा वेळ येत राहिला. मग थांबला...

नवाथ्यांनी सकाळी आत जास्वंदीची फुलं ठेवली होती. बऱ्याच वेळाने त्या बाजूला काहीतरी खसखसलं.

नवाथे उठले. खातोय का, असं त्यांनी विचारलं. नवाथे पिंजऱ्याभोवती एकदा फिरले, पुन्हा फिरले; वरच्या उघड्या जाळीतून नुसती शेपटी दिसत होती. चादरीची दोन टोकं जिथे नीट जुळली नव्हती, तिथे बोटभर फट होती. ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी फटीला डोळा लावला.

"नीट दिसत नाहीये," ते म्हणाले. जाळीवर चेहरा आणखी दाबून त्यांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

"हळू, नवाथेसाहेब," याकूबबाबा म्हणाले. "नाक सोलून निघेल."