तिसरा कोपरा

एका डोंगराळ राज्यात एक राजा होता. ‘नाही’ हा शब्द त्याला सोसत नसे, म्हणून दरबाऱ्यांनी तो शब्दच टाकून दिला होता.

राजाने टेकडीवर तीन भिंतींचा त्रिकोणी किल्ला बांधायला काढला. समोरची भिंत उभी राहताच तिच्या दोन्ही टोकांना त्याने काटकोन आखायला लावले. “माझे कोपरे ताठ हवेत,” तो म्हणाला.

त्या राज्यात एक रीत होती. माप खरं असेल तर गणित्याने चुन्यात हात बुडवून पायाच्या दगडावर पंजा उमटवायचा. राज्याच्या गणिती एक वयस्क बाई होत्या. राजाने त्यांना बोलावलं.

“बाई, तिसरा कोन केवढा ते सांगा आणि पंजा उमटवा.”

“त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी असते, महाराज. ते दोन्ही तुम्ही वापरलेत. तिसऱ्याला काही उरलंच नाही. या भिंती कधी भेटणार नाहीत.”

“माझा हुकूम तुमच्या बेरजेपेक्षा मोठा आहे.”

“असेल. पण बेरीज तुमची प्रजा नाही.”

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. राजाने त्यांना तुरुंगात टाकलं. पंजा प्रधानाने उमटवला. त्याला कुठे गणित येत होतं?

दोन्ही भिंती निघाल्या. टेकडी उतरल्या, आमराईत शिरल्या, कुंभारांची घरं पाडून पुढे गेल्या. मधलं अंतर बोटभरही कमी होईना. दरबारी मात्र रोज म्हणत, “आलाच कोपरा, महाराज.” माणसं उघड्यावर आली, तरी म्हणत.

शेवटी राजा स्वतः तुरुंगाशी आला. “बाई, चारचौघांत एकदा ‘चुकले’ म्हणा. लगेच सोडतो.”

“मी चुकले म्हटल्यावर भिंती भेटतील?”

राजाने दूरवर गेलेल्या दोन्ही भिंतींकडे पाहिलं. तो तसाच परत गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही ताठ कोपरे पाडून आतल्या बाजूला वळवून घेतले. भिंती टेकडीवरच भेटल्या. कुंभारांना त्याने घरं बांधून दिली आणि बाईंना सोडलं.

“एवढा हट्ट कशाला?” तो कुरकुरला. “माफी मागितली असती तर तुम्ही केव्हाच सुटला असतात.”

“मी सुटले असते, महाराज,” बाई म्हणाल्या. “किल्ला उघडाच राहिला असता.”

तात्पर्य: धाकाने माणसाकडून ‘हो’ वदवता येतं, खोट्याचं खरं करता येत नाही, म्हणून जे नाही त्याला नाहीच म्हणावं, समोर राजा असला तरी.