चव दिवाणांची, पोट युवराजांचं

देवखोरे संस्थानचे दिवाण त्र्यंबकपंत यांनी फर्मान काढलं की आईचं दूध रयतेच्या पोरांना ठीक. दोन महिन्यांच्या युवराजांना मात्र म्हशीचं दाट दूध, बदाम-केशर घालून. आठ दिवसांत युवराजांचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि रडणं वेशीपर्यंत पोचलं. तरी महाराज म्हणत, "पंतांना शास्त्र कळतं."

शेवटी दाई सगुणाबाई दरबारात उभी राहिली.

"महाराज, युवराजांच्या तोंडी जाणारं आधी दिवाणजींनी चाखायचं, ही आपली रीत. दिवाणजी चमचाभर चाखतात. युवराज तर दिवसभरात आपल्या वजनाच्या सातव्या हिश्श्याएवढं दूध पितात, दुसरं काही नाही. दिवाणजींनीही एक दिवस तसंच चाखावं."

महाराजांना ते पटलं. पंत तराजूत बसले आणि त्या मापाने दुधाच्या दोन घागरी भरून आल्या. पहिली संपत आली तोच पंतांना जुनी पोथी आठवली.

"महाराज, बाळाला आईचंच दूध उत्तम, असं शास्त्रात स्पष्ट म्हटलंय," ते पोट धरून म्हणाले.

"युवराज आठ दिवस हेच सांगत होते, दिवाणजी," सगुणाबाई म्हणाली. "त्यांच्याकडे पोथी नव्हती, एवढंच."