साळूबाईचा केक

जनावरं आपापला स्वयंपाक करत, त्या काळातली गोष्ट. साळूबाई नावाच्या साळिंदरीने एकदा केक करायला घेतला. खजूर, मनुका, सुकी अंजिरं संत्र्याच्या रसात भिजवली, दालचिनी-जायफळाची पूड घातली, सगळं कणकेत कालवलं, पातेलं निखाऱ्यांवर ठेवलं आणि पाहुण्यांना बजावलं, "मी लाकडं घेऊन येते. झाकणाला हात लावायचा नाही! वाफ गेली की केक बसतो."

"छे, कोण लावतंय!" म्हणत साळूबाईची पाठ वळताच खारीने झाकण उचललं. मग सशाला वास घ्यायचा होता. अस्वल म्हणालं, "मीच काय घोडं मारलंय?"

साळूबाई परतली तेव्हा केक मधोमध खचला होता. तिने कपाळावर हात मारला. आता करणार काय? वरून गुळाचा पाक ओतला, तो सगळा खड्ड्यात साचला. पाहुणे बोटं चाटत म्हणाले, "वा! खड्डा काय झकास जमलाय!"

"तो तुम्हीच पाडलाय, मेल्यांनो!" साळूबाई ओरडली. पण चाटण्याच्या नादात ऐकतंय कोण?

पुढच्या खेपेला ती काटे फुलवून पातेल्याशीच बसली. जवळ यायची कुणाची टाप नव्हती. केक असा टम्म फुगला की पाक चारी बाजूंनी ओघळला. साळूबाईने ऐटीत तो सगळ्यांपुढे ठेवला.

पाहुणे एकमेकांकडे बघत राहिले. "खड्डाच नाही?" खार कुजबुजली.

शेवटी अस्वलाने साळूबाईची समजूत काढली, "मनाला लावून घेऊ नकोस गं. चुकतं एखाद्या वेळी."