वाकलेलं झाकण

झाडांची गाऱ्हाणी कारभाऱ्यांच्या कानांवर पडत नसत, त्या काळातली ही गोष्ट. बाजारातली बारा फणसाची झाडं वठली आहेत, असं कारभाऱ्याने कागदावर ठोकून दिलं. खरं तर त्याला तिथे स्वतःचं गोदाम बांधायचं होतं. पहिलं झाड पडलं. त्याची एक फळी गोंदा मेस्त्रीने सरपणातून वाचवून आणली.

कारभारी म्हणाला, "हिची पेटी कर. झाकणावर महाराजांचं नाव कोर. त्यांच्या वाढदिवसाला देईन."

"सरकार, लाकूड ओलं आहे. वर्षभर वाळायला हवं."

"वठलेल्या झाडाचं लाकूड ओलं? जीभ सांभाळ! पंधरा दिवसांत पेटी हवी."

वाढदिवस झाला की उरलेली अकरा भावंडं पडणार, हे फळीला ठाऊक होतं.

फळीवर फिरता फिरता मेस्त्रीचा रंधा म्हणाला, "ताई, गप सरळ राहा. महाराजांच्या नावाचा मान मिळतोय."

"मान घाल चुलीत!" म्हणत ती झाकण झाली, आणि वाळता वाळता जीव खाऊन वाकली.

दरबारात महाराजांनी झाकणाचं एक टोक दाबलं की दुसरं टणकन वर येई. सगळे हसले.

"मेस्त्री, हे काय?"

"महाराज, वठलेलं लाकूड असं वाकत नाही. हे झाड तोडलं तेव्हा हिरवंगार होतं."

कारभाऱ्याची नोकरी गेली, अकरा फणस राहिले. पेटी सिंहासनाशेजारी बसली.

पुढे नवा कारभारी आला. त्याने पहिलाच हुकूम सोडला, "ते झाकण सरळ करा."

मेस्त्रीने रंधा आणला. रंधा हळूच म्हणाला, "ताई, करू का सरळ?"

"हात तर लावून बघ!"